बाबांच्या फाइलमधलं चौदावं पान

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या शाळेत माजी सैनिकांच्या नावांचा फलक लागणार आहे. बाबांचं नाव द्यायचं, म्हणून त्यांच्या नोकरीचे कागद मागायला परवा सैन्याच्या कचेरीत गेलो. मृत्यूचा दाखला, माझा जन्मदाखला, अर्ज, सगळं दिलं. कारकुनाने रजिस्टर चाळलं नि म्हणाला, नक्कल दोन वर्षांपूर्वीच मुलगी घेऊन गेली. खाली तुझी लांब शेपटीची सही! बाबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. मागे मी कागदांचा विषय काढला, तर तू उठून पंखा पुसायला लागलीस, ते आता लक्षात येतंय. काय आहे त्यात? बाबांचं दुसरं घर होतं का? नाही नाही ते मनात येतं. मीही अर्ज मागे घेतला नाही, माझी वेगळी नक्कल मागितलीय.

लोभ आहेच, शंका फिटली की वाढेल.

तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दुसरं घर! त्यांना एक झेपत नव्हतं. फलकावर नाव देऊ नकोस, अर्जही मागे घे. बाबा जखमी होऊन परतले नव्हते, चौकी सोडून पळाले होते. सहा महिने तुरुंग, मग बडतर्फ. जखमेची गोष्ट आईने रचली, मी सांभाळली. तू ती वर्गात सांगतोस हे ऐकलं, की मी उठून काही तरी काम काढते. एवढंच आहे. आणखी खोदू नकोस.

रागाव, पण येत जा.

ताई

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

'एवढंच' यावर माझा विश्वास बसला नाही. अर्ज तसाच ठेवला. काल पाकीट आलं. चौदाव्या पानावर वहीतून फाडलेल्या कागदाची नक्कल, त्यावर तुझं नऊ वर्षांच्या मुलीचं अक्षर. बाळ डोळे उघडत नाही, आई रडते, तुम्ही या.

ते बाळ म्हणजे मी.

हे पत्र त्यांच्या खिशात सापडलं होतं. तरी चौकशीत घरून कोणी बोलावलं का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की कोणी नाही, मी माझ्या मनाने गेलो. तीनदा विचारलं, तीनदा हेच. आणि त्यांच्या शिक्षेचा दोष तू इतकी वर्षं स्वतःच्या माथी घेऊन बसलीस!

मुख्याध्यापकांना आज म्हटलं, बाबांचं नाव नको. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, ते माझ्यासाठी परत आले होते.

रविवारी येतोय. माया राहू दे.

तुझा धाकटा