आज्जी, सांगू नको

वन्सं, शाळा तपासायला आधी आले ते केंद्रप्रमुख भिमाजी सर, आणि मागून जीपमधून त्यांच्याबी वरच्या, सावेडीच्या मोठ्या मॅडम. पण थांबा, पाया पडायचं राहिलंच. दंडवत. गुडघा कसा हाय? (गरम विटेनं शेका, मलम राहू द्या.) फोनच करणार हुते, पण घरात रेश्मा ऐकते, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, लावून घ्या.

आपली नात रेश्मा गावच्या शाळेत मास्तरीण झाली तशी तिनं शिकवायची रीतच बदलली. म्हणते, धडा झाला की पोरांना थोडं विसरू द्यायचं. मग चार दिवसांनी पुस्तक मिटून विचारायचं आणि आपण गप बसायचं. पोर जेवढं डोक्यात धुंडाळतं तेवढं मेंदूत पक्कं बसतं, आयतं सांगितलेलं निसटतं. (मला पटलं. माझ्या लग्नात उखाणा तुमीच कानात सांगितला हुता, आणि मी उंबऱ्यावर मुकी उभी.) पण भिमाजी सरांना पाढे वेशीपर्यंत ऐकू यायला हवेत. त्यांनी वर कळवलं, या वर्गात पोरं मुकी बसतात. म्हणून मॅडम आल्या, रेश्माची रीत ठेवायची का पुन्हा घोकंपट्टी लावायची ते ठरवायला. पोरगी सकाळपासून जेवली न्हवती, म्हणून मी भाकरी घेऊन वर्गाच्या दारात बसले. (बोलावलं न्हवतं, हे खरं.)

रेश्मानं ओंकारला विचारलं, डोंगराच्या उताराला आडवे चर कशाला खणतात? ओंकार गप. रेश्मा गप. मॅडम घड्याळ बघतात, भिमाजी सर मिशीत हसतात. वन्सं, पाव्हणं आल्यावर आपल्यात कुणी इतकं गप बसतं का? लेकरू अडलंय, नातीचं सगळं वाहून चाललंय, मला सोसंना. मी दारातूनच सांगून टाकलं, "रोजगार हमीवर हजेरी भरावी म्हणून रं."

ओंकार म्हणाला, "आज्जी, सांगू नको ना. सापडत आलंय." मग डोळे मिटून बोलायला लागला तो थांबंना. पाणी उतारानं पळू नये, चरात अडावं, मुरावं, खालच्या विहिरीला यावं. त्यावर त्याच्या शेजारी बसलेली निकिता मला म्हणते, "तू चुकलीस ते बरं झालं, आता पक्कं ध्यानात राहील." मॅडमना हसू आवरंना. म्हणाल्या, तूर्त रीत चालू द्या, पण हेच पुन्हा येऊन विचारणार, तेव्हा आठवलं तरच कायम. रेश्मानं माझ्याकडं पाठ करून अर्धी भाकरी खाल्ली.

तुमची भावजय,
रतन

ता.क. खरं काम राहिलं. रेश्मा म्हणते, मॅडम येतील त्या दिवशी तू श्रीरामपूरला आत्याआजीकडं (म्हंजे तुमच्याकडंच) जा. तर तिला फोन करून सांगा, तुमी त्या दिवशी लग्नाला चालला हाय. कुणाच्या, ते तुमी ठरवा.

आणखी ता.क. मला इथं राहावंच लागंल. मॅडम जाताना म्हणाल्या, त्या आजींनाबी हाच चराचा प्रश्न विचारणार. पोरांनी मला तोवर उत्तर कुणाला विचारायची बंदी घातलीय. आणि मी तर ते याच कागदात वर लिहून बसलेय, म्हणून पाकीट लगेच चिकटवते, परत वाचलं तर सगळं फुकट. तुमीबी फोनवर चराचा विषय काढू नका. मॅडम पुढच्या बुधवारी येणार हायेत.