झोपेतले तीन फोटो आणि कॅमेऱ्याचा वारस

१. गेल्या महिन्यात तपासण्यांसाठी मी रुग्णालयात होते. कॅमेरा उशाशी होता.
२. त्यात कृष्णधवल रोल होता. आईचे फोटो काढून झाले होते. शेवटच्या तीन फ्रेम शिल्लक होत्या.
३. घरी आल्यावर पाहिलं, तर रोल संपलेला.
४. मी तो धुतला. शेवटच्या तिन्ही फ्रेममध्ये मी आहे, झोपलेली. पापण्यांचे केस मोजता येतील इतका फोकस अचूक आहे.
५. हे फोटो कोणी काढले, ते कोणीच सांगत नाही.

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, मोजमापाची उपकरणं तपासणारी तंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. पुढच्या सोमवारी, १६ मार्चला, माझ्या डोक्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. त्यासाठी त्यांनी माझ्या बऱ्याच सह्या घेतल्या.

घर भाड्याचं आहे. अनामत आणि बँकेतली शिल्लक आईची. तिने आधी दात बसवून घ्यावेत. "आता कोणाला दाखवायचेत?" हे कारण चालणार नाही.

फोटो छापायचं माझं सामान, म्हणजे एन्लार्जर, ट्रे आणि उरलेला कागद, कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांना. माझ्या प्रत्येक प्रिंटवर ते म्हणाले, "काळं अजून काळं हवं, पोरी." दरवेळी बरोबर म्हणाले.

मोठ्या मामाला काही नाही. बाबा गेल्यावर त्यांचा कोट त्याने मागून नेला. तो त्याला घट्ट होतो, एवढं मला पुरेसं आहे.

आता कॅमेरा. तो बाबांचा. ते गेल्यानंतर दादाच्या हातून कपाटावरून पडला. या कॅमेऱ्याच्या खिडकीत माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. त्या एकमेकींवर आल्या की फोकस झाला. पडल्यापासून त्या पूर्ण जुळवल्या की फोटो हुकतो. जुळायच्या किंचित आधी थांबावं लागतं. आई ओरडेल म्हणून आम्ही हे कोणालाच सांगितलं नाही. म्हणजे हे दोघांनाच माहीत आहे.

दादा आणि मी तीन वर्षं बोललो नव्हतो. हा कॅमेरा भंगारात घाल, असं तो म्हणाला तेव्हापासून. तरी फोन केला.

"मी? तुझ्या त्या डबड्याला हात लावीन मी?"

"मग कोणी काढले?"

"नर्सला विचार."

विचारलं. नर्स म्हणाल्या, "अहो, याचं बटण कुठंय तेच मला माहीत नाही." आई म्हणते, "तो कशाला येतोय? साधा फोन करत नाही."

एखादा फोटो चुकून जमतो. ओळीने तीन जमत नाहीत. इथवर मला खात्री आहे, पुढे काहीच कळत नाही. आला असेल तर उठवलं का नाही? काढले असतील तर नाकारतो कशाला? आणि नसेल आला, तर माझ्या खाटेशी कोण बसलं होतं?

म्हणून: फोटो दादाने काढले असतील, तर कॅमेरा आहे तसा त्याचा. नसतील, तर तो काकांचा. ते पहिल्याच दिवशी तो उघडून दुरुस्त करतील, आणि मग कुठे थांबायचं ते कोणालाच माहीत असण्याची गरज उरणार नाही.

साक्षीदार:
तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी (सही)
प्रयोगशाळेतला सहकारी (सही). वाचून म्हणाला, "सरळ विचार की त्याला." विचारलंय.

ठिकाण: माझी खोली
दिनांक: ९ मार्च
(सही)

दादा, याची प्रत तुला पाठवत आहे. फोटो तू काढलेस की नाही, एवढंच शनिवार, १४ मार्चपर्यंत कळव.