सिमेंट मुरतंय

४ फेब्रुवारी, सुरत

आईचं ऑपरेशन झालं! गोठ्यात घसरली तवा मणका दबला व्हता. सांगलीच्या डॉक्टरनं सुईनं त्यात सिमेंट भरलं. हाडाचं सिमेंट! मी हितं दिवसभर स्लॅब ओततोय आन् तिकडं आईच्या पाठीत पण तेच.

आबा फोनवर म्हणले, "तुजी आई आता पक्की इमारत झाली बग." मागनं आई वरडली, "पाणी मारायला ये म्हणावं त्येला!" लय हसलो.

५ फेब्रुवारी

आई चालली! औंधला यमाईच्या पायऱ्या आपल्या पायानं चढणार म्हणती.

७ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीचा, सृष्टीचा फोन. घरी आणल्यापासनं आईच्या डाव्या पायात आग हुतीया, मुंग्या येत्यात. सोडताना डॉक्टर बोलले व्हते — असं काय झालं तर लगेच आणा, सिमेंट कवातरी बाजूला गळतं, नसेवर दाबतं.

"दादा, न्यायचं का?"

आबा मधीच — "त्येलाच इचार. पोरगं सिमेंटातलं हाय."

मी सांगितलं, सिमेंट धरताना तापतंच. आमचा कॉलम पण गरम लागतो, म्हणून ओलं बारदान गुंडाळतो. मुरू द्या.

आबा म्हणले, "मग ऱ्हाऊ दे, न्यायचं न्हाई." माझं घरात पयल्यांदाच कुणी ऐकलं.

८ फेब्रुवारी

आबांनी आईच्या पाठीवर खरंच ओलं बारदान टाकलं!

१० फेब्रुवारी

जेवताना नाथाजी मिस्त्रीला सांगितलं. घास हातातच राहिला त्येचा. "येड्या, माज्या भावाच्या गुडघ्यात घातलंय तसलं. टेबलावरच दगड हुतंय ते! आता काय मुरायचं राहिलंय? फोन लाव डॉक्टरला."

मी म्हणलो, तुमी जेवा गप.

पण मन लागंना. सळी बांधताना सारखा आपलाच पाय हलवून बघतोय. दोनदा फोन काढला, परत खिशात ठेवला. आबांना काय सांगू — मला कळत न्हाई म्हणून?

११ फेब्रुवारी

शेवटी घरी फोन केलाच. सृष्टी खूश! "दादा, तुजंच खरं झालं. आईची आग थांबली. मुंग्या पण न्हाईत. झोपली निवांत."

हुश्श! मिस्त्रीला मुद्दाम जाऊन सांगितलं. त्यो हसला न्हाई.

१२ फेब्रुवारी

सृष्टी रडत व्हती. सकाळी आईच्या डाव्या पायावर उकळता चहा सांडला. कातडं निघालं.

आई हलली पण न्हाई. नुसतं इचारलं — "काय सांडलं गं?"