शेळ्यांचा अंधार

६ ऑक्टोबर

जावयाला खाटकाकडे द्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, भाऊजींनी ठरवलं. जेवता जेवता, मीठ मागावं तसं सांगितलं. "बोकड निकामी झालाय. महिनाअखेरीला खाटीक येईल." आणि पुढचा घास घेतला.

जावई म्हणजे आमचा पैदाशीचा बोकड. नाव मीच ठेवलं. वर्षभर आयतं खायचं, मान घ्यायचा, वास मारत हिंडायचं, आणि काम काय ते एका हंगामात — दुसरं काय नाव ठेवणार! पण त्या हंगामात त्यानं कधी कसूर केली नाही. ह्याची आई मेली तेव्हा हा एवढासा होता, बाटलीनं दूध पाजून मी वाढवलाय त्याला. अजून मला बघितलं की कुंपणाला कपाळ घासतो.

यंदा दिवस लहान व्हायला लागले तरी एकही शेळी माजावर नाही. शेपट्या हलत नाहीत, ओरडा नाही. जावई जवळ गेला की शिंगावर घेतात. त्या उभ्याच राहत नाहीत तर तो काय भिंतीशी संसार करणार?

आणि हे! मूग गिळून बसले. मी बघितलं ह्यांच्याकडे, हे ताटात बघत होते. सख्खा भाऊ आहे, वाघ नाही. एक शब्द बोलले असते तर काय जीभ झडली असती?

७ ऑक्टोबर

राग अजून तसाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

११ ऑक्टोबर

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी बोलावलं. भाऊजींना न विचारता. बाईंनी जावयाला मागून-पुढून तपासलं. "ह्याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे." मग शेळ्या बघितल्या. मग मान वर करून छताकडे बघितलं आणि विचारलं, "हे दिवे रात्री चालू असतात का?"

रात्री? चोवीस तास! यंदाच्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी एक करडू ओढून नेलं, तेव्हापासून भाऊजींनी गोठ्याच्या बोळात ओळीनं पांढरेफक्क दिवे लावलेत. लग्नमंडपात नसतो एवढा उजेड. बटणाची पेटी कुलपात, किल्ली भाऊजींच्या खिशात.

बाईंनी घमेलं पालथं घातलं, त्यावर बसल्या आणि मला समजेल असं सांगितलं. मेंदूच्या पार आत एक बारकी ग्रंथी असते, पिनिअल नावाची. शेळीची म्हणजे हरभऱ्याएवढीसुद्धा नाही. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचा एक पदार्थ रक्तात सोडायला लागते. उजेड झाला की बंद. बस्स, एवढंच तिचं काम. पण रात्र मोठी झाली की तो पदार्थ रक्तात जास्त वेळ राहतो, आणि त्यावरून शेळीच्या शरीराला कळतं की थंडी आली, आता गाभण राहायला हवं, म्हणजे करडं गवताच्या दिवसांत जन्मतील. आपल्याकडच्या बऱ्याच शेळ्या वर्षभर माजावर येतात, तुमच्या ह्या थंड मुलखातल्या जातीच्या नाही येत. त्या रात्रीची वाट बघतात.

"तुमच्या गोठ्यात रात्रच होत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्या लेखी अजून उन्हाळाच चाललाय."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दिवे लावणारे हे, आणि मान कापायची त्या मुक्या जिवाची!

बाई म्हणाल्या, मावळल्यापासून उजाडेपर्यंत अंधार ठेवा. अगदीच लागला तर एक मिणमिणता लाल बल्ब. दीड-दोन महिन्यांत फरक दिसेल.

१२ ऑक्टोबर

जेवताना सगळं सांगितलं. भाऊजी हसले. "शेळीच्या डोक्यात कॅलेंडर आहे म्हणे!" जाऊबाईपण हसल्या. मी म्हटलं, कॅलेंडर नाही, ग्रंथी आहे, आणि तुमच्याही डोक्यात आहे. जाऊबाईंचं हसू गेलं.

भाऊजी म्हणाले, "दिवे बंद होणार नाहीत." मी म्हटलं, लाल बल्ब लावू. "लाल बल्बात काय दिसतं?" अहो, शेळ्यांना काय पेपर वाचायचाय? "दिवे बंद होणार नाहीत." तेच. पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला काहीतरी. हे म्हणाले, "दादा म्हणतो तर राहू दे ना."

राहू दे ना! धार काढायला तुम्ही, वैरण टाकायला तुम्ही, शेवटची फेरी मारायला तुम्ही. सगळा दिवस गोठ्यात जातो तुमचा, आणि मत मात्र नाही.

१३ ऑक्टोबर

भाऊजी दुपारी आडवे झाले तेव्हा खुंटीवरच्या सदऱ्यातून किल्ली काढली. दिवे बंद केले. संध्याकाळी पुन्हा चालू. किल्ली आता करगोट्याला बांधलीय! काढ म्हणावं आता.

१९ ऑक्टोबर

चाचपडी माजावर आली!!

चाचपडी म्हणजे आमची आंधळी. मागच्या वर्षी डोळ्यांचा रोग आला, फुटायलाच आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे काढून टाकले. तेव्हाही भाऊजी म्हणाले होते, देऊन टाका. मी दिली नाही. चाचपडत चाचपडत गव्हाणीचा रस्ता शिकली.

सकाळी बघते तर शेपटी पंख्यासारखी हलतेय आणि ओरडून गोठा डोक्यावर घेतलाय. जावयाला सोडला. निकामी म्हणे! माझ्यादेखत त्यानं आपलं काम केलं, आणि वर मिशांवर ताव दिल्यासारखा ओठ वळवून उभा राहिला.

बाईंना फोन केला. त्या फोनवर एवढ्या मोठ्यानं हसल्या की कान दुखला. म्हणाल्या, "तुमच्या भाऊजींना सांगा, ह्याहून मोठा पुरावा नाही." कोंबड्या-चिमण्यांना म्हणे कवटीतूनसुद्धा उजेड कळतो. शेळीला तसं नाही. उजेडाची बातमी डोळ्यातून आत जाते, मग मेंदूतल्या घड्याळाकडे, मग त्या ग्रंथीकडे. नुसती फुलं पडून आंधळी झाली असती तर थोडाफार उजेड आत गेला असता. हिचे डोळेच नाहीत. एवढ्या दिव्यांखाली हिच्या एकटीच्या डोक्यात रात्र होते.

पळत जाऊन भाऊजींना सांगितलं. दम लागला होता मला. ते दोरी वळत बसले होते. वळतच राहिले. "एक आंधळी फसली, म्हणजे काय झालं? डोळे असलेल्या कोणी विचारतात का त्याला?"

काय बोलावं ह्या माणसाशी! कपाळ बडवून घ्यावं की त्यांचं बडवावं, तेच कळेना.

२१ ऑक्टोबर

एवढं मिळालं: जावयाला नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत. दिवे मात्र चालूच. म्हणजे पोहायला शिक म्हणायचं आणि विहिरीत पाणी ठेवायचं नाही.

हा माणूस मूर्ख नाही, हेच डोक्यात जातं. व्यवहार कळतो, जनावर कळतं, हवा कळते. हे समजत नाही असं नाहीच. समजून घ्यायचं नाहीये. कारण सांगणारी मी!

२५ ऑक्टोबर

माझा मामेभाऊ वायरमन आहे. आज येऊन गेला. बोर्ड उघडला, आत काहीतरी केलं, फट् झालं, गोठा काळाठिक्कर. मग चेहरा पाडून भाऊजींना म्हणाला, "उंदरांनी वायर कुरतडलीय हो. सगळा बोर्ड बदलावा लागेल. माल मागवतो."

हा उंदीर पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच मागे फ्रॉकला धरून फिरायचा.

खोटं बोलले. बोलले तर बोलले. मला त्याचं काही वाटत नाही. एका जिवाची मान वाचत असेल तर मी रोज खोटं बोलेन.

२ नोव्हेंबर

"माल आला का?" भाऊजी रोज विचारतात. "बंदरात अडकलाय," मामेभाऊ सांगतो. कुठलं बंदर, देव जाणे!

बोळात आता एक कंदील टांगलाय, वात बारीक करून. भाऊजी संध्याकाळी गोठ्यात येऊन बसायला लागलेत. ह्यांच्या मागे-मागे. बादली उचल, दार धर, इकडून ये, तिकडून ये. इतकी वर्षं कधी धारेला हात लावला नाही, आणि आत्ताच बरी आठवण झाली कामाची. पाळत ठेवतायत. मी शेळ्यांना काहीतरी चारते असं वाटत असेल.

१४ नोव्हेंबर

कडाक्याचं भांडण. भाऊजी दुसरा वायरमन आणणार म्हणाले. मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, माझ्या अंगावरून जा. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला अंधाराची एवढी भीती वाटते तर उशाशी दिवा घेऊन झोपा, माझ्या शेळ्यांना कशाला छळता? म्हटलं, बापाच्या जागी आहात म्हणून गप्प बसायचे, आता नाही बसणार.

भाऊजींनी तोंड उघडलं, आणि ह्यांच्याकडे बघून मिटलं. हे उंबऱ्याशी बादली घेऊन उभे होते. म्हणाले, "दादा, जाऊ दे."

जिंकले मी. पण ह्यांचं ते "जाऊ दे" मला आवडलं नाही. बायकोची बाजू घ्यायची तर नीट घ्यावी. उपकार केल्यासारखी काय घ्यायची?

२८ नोव्हेंबर

बाई सोनोग्राफीचं मशीन घेऊन आल्या. चाचपडीच्या पोटात दोन! पडद्यावर दोन्ही काळजं लुकलुकताना बघितली मी. बाकीच्या अजून थंड, पण बाई म्हणाल्या, आठवडाभर थांबा. भाऊजींनी पडदा बराच वेळ बघितला. खाटकाला आपण होऊन फोन केला, "पुढे बघू." कबूल करायला काय जातं माणसाचं!

५ डिसेंबर

हे पडले. दिवेलागणीला, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, बोळात फावडं आडवं पडलेलं. सरळ त्याच्यावर पाय. मांडीचं हाड मोडलं. दूध सगळं बोळभर.

काळजी वाटायची ती वाटलीच, खोटं कशाला लिहू. पण राग त्याहून जास्त आला. फावडं काय सुई आहे न दिसायला? कंदील होता. मला दारातून दिसत होतं. गाडीत घालताना म्हणालेसुद्धा मी, "डोळे कुठे होते तुमचे?" ह्यांनी ओठ दाबून धरले. कळ येत होती म्हणून असेल.

भाऊजींनी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला वाटलं, आता मला फाडून खातील, तुझ्या अंधारामुळे झालं म्हणतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. त्याचाही राग आला.

८ डिसेंबर

आल्या! सगळ्या आल्या! कालपासून एकेक करत, आज तर नुसता धिंगाणा. गोठ्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. जावयाला जेवायला फुरसत नाही, डोळे लाल, अंगाला असा वास की जाऊबाई नाकाला पदर लावून पळाल्या. त्याची मान वाचली. आता खाटकाचं कोणी नाव काढत नाही.

मी एकटीच बोळात उभी राहून रडले. मग दवाखान्यात जाऊन ह्यांना सगळं सांगितलं, कोण आधी आली, कोणी कोणाला ढकललं. हे छताकडे बघत होते, पण हसले. म्हणाले, "तू म्हणत होतीस तसंच झालं." भाऊजींनी हे म्हणायला हवं होतं. ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, काही लोकांना चूक कबूल करायला सात जन्म लागतात.

१० डिसेंबर

हाडाच्या डॉक्टरांनी पडले कसे ते ह्यांना खोदून विचारलं, मग डोळ्यांत बॅटरी मारली. पुन्हा मारली. मग मला विचारलं, "ह्यांना अंधारात दिसत नाही, हे केव्हापासून?"

मी म्हटलं, कोणाला?

भाऊजी म्हणाले, "दोन वर्षं झाली. आमच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, तू ह्या घरात यायच्या आधी. पुढे दिवसाही दिसेना." आणि मग, माझ्याकडे न बघता, "कोणाला सांगू नकोस म्हणून हा पाया पडला होता माझ्या. दिवे काय कुत्र्यांसाठी लावले होते का मी?"

ते बाहेर गेले. मी ह्यांच्या पलंगाशी बसले. शेवटी एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं.

"सांगायला आलो होतो गं, खूपदा," हे म्हणाले. "तू शेळ्यांचं बोलत असायचीस."