पहिला फोन

११ जानेवारी, शनिवार

उद्या डॉक्टर जेवायला. आणि हे मला आज संध्याकाळी पाच वाजता कळतंय!

ह्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं व्याख्यान आहे, इथल्याच हॉलमध्ये. विषय — 'एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर'. मिरजेचे डॉक्टर पृथ्वीराज बोलणार. मंडळाचे अध्यक्ष हे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बसायला खुर्ची लागतेच.

मी म्हटलं, मलाही ऐकायचंय. तर म्हणाले, मग स्वयंपाक कोण करणार?

पुरणपोळी करायची. लोकांना वाटायच्या ॲस्पिरिनच्या पाकिटांचे आणि माहितीपत्रकांचे दोन खोके जेवायच्या टेबलावर आणून ठेवलेत. हात लावू नको म्हणून दोनदा बजावलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल मी दवाखान्यातून घरी आले. माझ्या हृदयात एक स्टेंट. उजव्या मनगटातून नळी घातली होती, तिथं काळंनिळं झालंय. लिहिताना दुखतं. तरी लिहिणार.

१८ जानेवारी, शनिवार

रविवारचं सगळं आज लिहून काढते. कुणाला सांगितलेलं नाही.

रंगुबाई भांडी घासून नऊला गेली. हे इस्त्रीचं जाकीट घालून साडेनऊला गेले, खोके टेबलावरच विसरून. साडेदहाच्या सुमारास मी पुरण यंत्रातून काढत होते. डावा खांदा भरून आला. वाटलं, दांडा फिरवून फिरवून आला असेल. मग जबड्यात कळ — दाढ ठणकते तशी. मग पाठीत, दोन्ही पात्यांच्या मध्ये. छातीत तसं दुखत नव्हतं, नुसतं जड. घाम मात्र असा, की ब्लाउज पिळून काढावा. मळमळायला लागलं. पित्त असेल म्हणून सोडा घेतला. त्यात पंधरा-वीस मिनिटं घालवली. एकसष्ट वर्षांची बाई मी, घरात खोका भरून हृदयाची माहितीपत्रकं, आणि मी सोडा पीत होते.

मग भीती वाटली. ह्यांना फोन लावला. कापला.

उचलला नाही तर फोन पूर्ण वाजतो. कापला की मध्येच तुटतो. एवढं मला कळतं. दुसऱ्यांदा लावला, दोन रिंगा झाल्या, कापला. तिसऱ्यांदा तर लगेच. आणि मेसेज आला — 'स्टेजवर आहे. किराण्याचं नंतर बोल.'

तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.

लेक प्रीती साताऱ्याला. तिला सांगून ती येणार अडीच तासांनी. उजवीकडच्या घराला कुलूप. डावीकडचे नवरा-बायको दोघंही ह्यांच्या व्याख्यानाला! तेव्हा कुठं एकशे आठ आठवलं. फोनवर कुणीतरी मुलगी होती. नाव, पत्ता, वय विचारलं, गाडी निघाली म्हणाली, आणि मग फोन तिथल्या डॉक्टरकडे दिला. त्यांनी विचारलं, घरात ॲस्पिरिन आहे का? पोटात अल्सर, कुठं रक्तस्राव, गोळीची ॲलर्जी? नाही म्हटल्यावर सांगितलं, एक गोळी चावून खा, तशीच गिळू नका. हात लावू नको म्हटलेला खोका फाडला. मग म्हणाले, गॅस बंद करा, दाराची कडी काढा आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसा. चालू नका. कुणाच्या घरी जाऊ नका.

मी विचारलं, खोकत राहू का? ह्यांच्या सकाळच्या मेसेजात नेहमी तेच असतं, जोरजोरात खोका. ते म्हणाले, नको, त्याचा काही उपयोग नाही, शांत बसा.

बसले. गुडघे वर घेऊन. समोर ह्यांच्या चपलांचं कपाट. णमोकार मंत्र म्हणायला घेतला आणि मध्येच अडले. लहानपणापासून रोज म्हणते, आणि पुढची ओळ आठवेना. त्याऐवजी डोक्यात एकच — मी इथं मेले तर हे येऊन आधी पोळ्या झाल्या का बघतील.

गाडी यायला सतरा मिनिटं लागली. मिरजेच्या दवाखान्यात संमतीचा कागद सहीसाठी समोर आला. सोबत कोण, म्हणून विचारलं. कुणी नाही म्हटलं आणि मीच सही केली.

१९ जानेवारी, रविवार

जेवणाचं मला डॉक्टर पृथ्वीराजांकडूनच कळलं, दवाखान्यात असताना. बिचारे सांगताना ओशाळले होते.

सव्वा वाजता हे त्यांना घेऊन घरी आले. दार सताड उघडं, मी नाही. पुरण परातीत, पोळ्यांचा पत्ता नाही. हे म्हणाले, बस्तीच्या देवळात गेली असेल दर्शनाला, तिला वेळेचं भानच नसतं. कुकरमधला भात आणि आमटी ह्यांनी स्वतः वाढली. माहेराहून आणलेलं लोणचंसुद्धा शोधून काढलं. चाळीस वर्षांत ह्यांनी मला कधी ताट वाढलेलं नाही.

दोघं जेवत असताना डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यातून फोन आला. विश्रामबागची एक पेशंट, गुणमाला पायगोंडा, स्टेंट टाकलाय, नवऱ्याचा फोन कुणी उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, 'साहेब, तुमच्या मिसेसचं नाव काय?'

हे धावत आले, ते खरं. पलंगाशी उभे राहून म्हणाले, 'फोन सायलेंटवर होता गं.'

मी 'हं' म्हटलं.

२२ जानेवारी, बुधवार

प्रीती आज साताऱ्याला परत गेली. जाताना माझ्यावरच चिडली. म्हणाली, आई, बाबांना आधी फोन का नाही केलास? हे खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, केला होता गं, लागला नाही.

का म्हटलं? ह्यांनी डोळे वटारले नव्हते. गयावया केली नव्हती. माझं तोंड आपोआप ह्यांची बाजू घेतं. सवय. मोडलेला हात जसा वाकडाच जुळावा, तशी.

२ फेब्रुवारी, रविवार

ह्यांनी दुधीची भाजी केली. मीठ नव्हतं. मला वाटलं, माझ्या पथ्यासाठी. नाही — विसरले होते. स्वतःच्या ताटात वरून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

भेटायला लोक येतात. हे सांगतात, मी ऐकते. पहिल्या आठवड्यात होतं — 'मी तिला सगळं आधीच समजावून ठेवलं होतं.' मग झालं — 'मी तिला सारखं सांगायचो, एकशे आठ, एकशे आठ.' आज मंडळाचे नाथाजी आले होते. त्यांना सांगत होते, 'मी स्टेजवरून खाली उतरलो, फोन घेतला, एकेक गोष्ट सांगत गेलो. इकडून मीच गाडी बोलावली.'

मी चहा घेऊन दारात उभी. मला बघूनही थांबले नाहीत. गंमत म्हणजे, खोटं बोलतायत असं चेहऱ्यावर दिसतच नव्हतं. सांगून सांगून ह्यांचं ह्यांनाच खरं वाटायला लागलंय.

नाथाजी मला म्हणाले, वहिनी, नशीबवान आहात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तेवीस तारखेला मंडळाचा महिलांसाठी कार्यक्रम. मी बोलायचं. मला न विचारता पत्रिकेत नाव छापून आलं — 'मृत्यूला हरवणाऱ्या सौ. गुणमाला'. भाषणही ह्यांनीच लिहून दिलं, दोन पानं, सुवाच्य.

चौथ्या वाक्यापासून असं — 'मी सर्वप्रथम माझ्या पतींना फोन केला. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णवाहिका बोलावली व मला धीर दिला. म्हणून भगिनींनो, संकटात पहिला फोन आपल्या माणसाला करा.'

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, 'हे असं झालं नाही.'

एवढं बोलायला मला महिना लागला.

ह्यांनी चष्मा काढला. पुसत बसले. 'मला माहीत असतं तर उचललाच असता ना.'

'पण कापलात. तीनदा.'

मला वाटलं ओरडतील. मग अगदी हळू म्हणाले, 'आता गावाला सांगणार आहेस का? एवढं राहू दे, गुणा.'

गुणा! प्रीती झाली तेव्हापासून मी आई आणि अगं. माफी मागायच्या जागी नाव दिलं. आणि मी, एकसष्ट वर्षांची मूर्ख, तेवढ्यानं हलले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. कागद वाचणार नाही. जे झालं ते सांगणार. किराण्याच्या मेसेजसकट.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

दीडशे बायका असतील. डॉक्टर येणार होते, पण ऐनवेळी दवाखान्यात अडकले. ते असते तर माझी हिंमत झाली असती, किंवा त्यांनी तरी चुकीचं दुरुस्त केलं असतं. हे पहिल्या रांगेत, तेच जाकीट. हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, निकाल लागायचा असलेल्या पोरासारखे. तो चेहरा बघितला आणि कागद उघडला. चौथ्या वाक्याला आवाज जरासुद्धा अडखळला नाही. टाळ्या. ह्यांना उभं राहायला लावलं, तेव्हा जास्त टाळ्या.

नंतर रंगुबाई आली. सोबत तिच्या गल्लीतली आक्काताई. पन्नाशीची, हडकुळी, द्राक्षबागेत कामाला जाते. नवरा दुधाचा टेम्पो चालवतो. रंगुबाई म्हणाली, 'वैनी, हिच्या बी खांद्यात लय दुखतंय, दम लागतोय, म्हणून आणली.' मी आक्काताईला म्हटलं, मिरजेला जाऊन छातीची पट्टी, ईसीजी, काढून घ्या, उद्याच जा. ती हसली. काढणी उरकली की जाते म्हणाली.

मग माझ्या जवळ आली. नीट समजून घ्यायचं होतं तिला, डोळे बारीक करून विचारलं, 'वैनी, म्हंजे पयला फोन मालकास्नीच करायचा न्हवं?'

हे माझ्या शेजारी पुष्पगुच्छ धरून उभे होते.

मी म्हटलं, 'हो. आधी घरच्या माणसाला.'

२४ फेब्रुवारी, सोमवार

रंगुबाईला आज सांगायला हवं होतं, तिला सांग, आधी एकशे आठ. ती भांडी घासत होती, हे तिथंच दाढी करत होते. उद्या सांगेन.

३ मार्च, सोमवार

मंडळाच्या मासिकात फोटो आलाय. माझा लहान, ह्यांचा मोठा. रंगुबाई चार दिवस नाही, भाच्याच्या लग्नाला जतला गेलीय.

११ मार्च, मंगळवार

रंगुबाई आज अकराला आली. बसूनच घेतलं खाली. आक्काताई काल दुपारी गेली. घरात एकटीच होती. मी विचारलं, एकशे आठला फोन केला होता का तिनं? रंगुबाई म्हणाली, 'न्हाई वैनी. मालकास्नीच लावत व्हती. अकरा येळा. टेम्पोच्या आवाजात त्यास्नी ऐकूच आलं न्हाई. तुमी सांगितलं तसंच केलं बघा तिनं. पर नशीब.'

मला दोष देत नव्हती ती. समजूत घालत होती माझी.

आक्काताईचा नवरा आता जन्मभर ते अकरा फोन स्वतःच्या माथी घेऊन बसेल. रंगुबाईकडून त्यांचं घर विचारून घेतलं. हे म्हणाले, कुठं निघालीस, डॉक्टरांनी दगदग नको सांगितलंय. कुठं जातेय ते सांगितलं, आणि तिथं खरं काय झालं ते सांगणार, तेही. दाराशी आडवे उभे राहिले.

बाजूला व्हा म्हटलं.