मालकानं विसरलेलं भांडं

केलरव्हिल, विस्कॉन्सिन
२२ मार्च (अंगणात अजून घोटाभर बर्फ)

प्रिय एमेटदादा,

धाकट्या लॅंबर्टचा नमस्कार. तू, लुसील वहिनी आणि तुमच्या अंगणातलं ते संत्र्याचं झाड, तिघंही खुशाल असाल अशी आशा करतो. गुडघा कसा आहे? नाताळच्या कार्डावर तू लिहिलं होतंस की ॲरिझोनाच्या उन्हानं तो पार बरा झाला आणि जानेवारीत तू बनियनवर अंगणात बसून संत्री सोलतोस. हे वाचून मला आनंदच झाला. (तुझी भावजय आर्डिस म्हणते, आनंद झाला तर कार्ड चुरगळलंस कशाला? तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.) एकोणीस वर्षांत मी तुला कार्डावरच्या दोन ओळींपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा हे जाड पाकीट बघून तुला वाटेल की कोणीतरी गेलं. गेलंय खरं, पण मेलेलं नाही. आपल्या फुटबॉल संघाचा, मिलर्सचा, क्वार्टरबॅक थॅडियस ब्रूसार, ज्याच्या हातून प्रत्येक चेंडू जातो तो, तुमच्या ॲरिझोनाच्या त्या विंचूछाप स्कॉर्पियन्सकडे गेला, हे तुला तिथल्या पेपरांनी ढोल वाजवून सांगितलं असेलच. तो का गेला हे मात्र एकाही पेपरला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. दादा, त्याला मी पाठवला. हे उघडं पडलं तर या गावात मला दाढी करून घ्यायलाही जागा उरणार नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नव्हता, आणि गावानं तुला केव्हाच ओवाळून टाकलेलं असल्यामुळे तुला सांगण्यात धोका सगळ्यात कमी. (राग मानू नकोस. विंचवाची टोपी घातलेला फोटो तूच पाठवला होतास.)

आता पहिल्यापासून सांगतो. तुला आठवत असेल, स्टेडियमचा पूर्वेकडचा सज्जा बांधायला संघानं गावात मालकीचे भाग विकले, तेव्हा बाबांनी दोन घेतले, एक तुझ्या नावानं, एक माझ्या. दोन्ही अजून आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर भिंतीवर काचेच्या चौकटीत आहेत. त्या कागदावर व्याज नाही, नफा नाही, तो विकता येत नाही, फार तर घरातल्या माणसाला देता येतो. पण तो आहे म्हणून मी मालक आहे. दुसऱ्या शहरांत संघाला एकच मालक असतो, त्याला विमान असतं आणि तिसरी बायको असते. आपल्या संघाला एक लाख बारा हजार मालक आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना गुडघेदुखी आहे. दर जुलैत आम्ही सगळे स्टेडियमच्या बाकांवर सभेला जमतो, सॉसेज खातो, हिशेबाला हात वर करतो आणि उन्हानं लाल होऊन घरी येतो. गेल्या जुलैत मी आपल्या नेहमीच्या जागी, एकतिसाव्या रांगेत, शेजारच्या जागेवर कोट ठेवून बसलो होतो. अध्यक्षांनी सांगितलं की ब्रूसारपुढे पाच वर्षांचा सव्वीस कोटी डॉलरचा करार ठेवलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण वाजवता वाजवता डोक्यात किडा शिरला. तुला माझा स्वभाव माहीत आहे. लहानपणी मी बाबांचं घड्याळ खोललं होतं ते चोरायला नाही, आत काय आहे ते बघायला. तसाच हा किडा. सव्वीस कोटींचं हा माणूस करणार काय?

मी ध्वनिक्षेपकाच्या रांगेत चाळीस मिनिटं उभा राहिलो आणि नेमका हाच प्रश्न विचारला. जास्त आहेत असं मी म्हटलंच नाही, फक्त विचारलं, करणार काय? मागून कोणीतरी ओरडलं, "बस खाली लॅंबर्ट, तुझ्या खिशातून जातायत का?" आता मालकाच्या खिशातून नाही तर कोणाच्या? अध्यक्ष भले गृहस्थ, त्यांनी पगाराची कमाल मर्यादा, हमीची रक्कम, हप्ते असं पाच मिनिटं समजावलं. त्यातून मला एवढंच कळलं की माझा प्रश्न त्यांनाही कधी पडलेला नाही. ब्रूसारनं काही सही केली नाही. हंगाम संपल्यावर बघू म्हणाला. हंगाम संपला (कसा संपला ते विचारू नकोस, शेवटच्या मिनिटाला त्यानं चेंडू समोरच्या संघाच्या हातात दिला आणि मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही), आणि जानेवारी निम्मा सरला तरी सही नाही. गाव कासावीस. तेव्हा मी म्हटलं, मालक आहोत, जाऊन विचारावं.

आपल्याकडे कोणाच्या दारात रिकाम्या हातानं जात नाहीत. म्हणून आर्डिसनं चर्चच्या जेवणासाठी भाजून ठेवलेलं कॅसेरोल मी उचललं. तेच, खाली खिमा, मधे मशरूमचं घट्ट सूप आणि वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. सगळं गाव त्यात फरसबी घालतं, आर्डिस मका घालते. सकाळी दहाला त्याच्या गल्लीत पोहोचलो तर सव्वीस कोटींचा माणूस स्वतःच्या दारात बर्फ उडवायच्या यंत्राची दोरी ओढत उभा! हात निळे पडलेले, यंत्र ढिम्म. मी म्हटलं, अरे, माणूस का नाही लावलास? तर म्हणाला, "साहेब, इथल्या जुन्या खेळाडूंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, चेंडू हरवलास तर केलरव्हिल माफ करेल, पण स्वतःच्या दारातला बर्फ दुसऱ्याकडून काढून घेतलास तर नाही." खरंच आहे की! दंतवैद्य होल्ट्झनं एकदा माणूस लावला होता, लोक अजून त्याच्याकडे दात दाखवायला जात नाहीत. मी वाकून बघितलं तर यंत्राच्या पेट्रोलची चावीच बंद. चार वर्षं हा पोरगा चावी बंद ठेवून दोरी ओढत होता आणि मग फावड्यानं बर्फ काढत होता. बर्फ न पडणाऱ्या लुइझियानात वाढलेल्या माणसाला कोण सांगणार? त्या फावड्यानंच त्याचा खांदा कामातून गेला असणार, अशी माझी आता खात्री आहे. त्या हरवलेल्या शेवटच्या चेंडूचा दोष शेजाऱ्यांवर जातो, कारण शेजाऱ्यांनी बघितलं आणि कोणी बोललं नाही.

आत गेलो. केवढं घर, आणि स्वयंपाकघरात दोनच खुर्च्या. त्यानं भांडं ओव्हनमध्ये गरम केलं, आम्ही दोघांनी त्यातूनच खाल्लं. मी म्हटलं, मी संघाचा मालक. त्याचा चमचा हवेतच राहिला. मग मी कागदाबद्दल सांगितलं. तर दादा, मी प्रश्न विचारायला गेलो होतो आणि त्यानंच मला धरलं. व्याज मिळतं? नाही. विकता येतो? नाही. सामन्याचं तिकीट फुकट? छे, त्याचे वेगळे. "मग साहेब, घेतलात कशाला?" मी भांड्यातला मका चमच्यानं बाजूला करायला लागलो. आपल्याला हे कोणी कधी विचारलंच नव्हतं! मग मी म्हटलं, बरं, तू सांग, सव्वीस कोटींचं तू काय करणार? तोही मका शोधायला लागला. म्हणाला, आईला घर घेऊन देतो म्हटलं तर तिनं नको म्हटलं, तिला एक मोठा फ्रीझर हवा होता तो घेतला, पुढचं काही सुचत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. असा निरागस हसतो तो, टीव्हीवर कळत नाही.

मग त्यानं सांगितलं की आईला दम्याचा त्रास आहे. इथं आली की दारातून गाडीपर्यंत जाताना तिचा श्वास अडकतो, म्हणून चार वर्षांत तिनं त्याचा एकही सामना स्टेडियममध्ये बसून बघितला नाही. ॲरिझोनावाल्यांनीही त्याला बोलावलंय. "तुम्ही मालक आहात. तुम्हीच सांगा, काय करू?" दादा, मला काय म्हणायला हवं होतं हे या गावातलं पाच वर्षांचं पोरही सांगेल. राहा म्हणायचं! तेवढ्यासाठीच तर गेलो होतो. पण माझ्या तोंडून निघालं ते तुझ्याबद्दल. म्हटलं, माझा थोरला भाऊ तिकडे गेला. मी त्याला गद्दार म्हटलं, त्याच्या फोटोला उत्तर दिलं नाही. पण त्याचा गुडघा बरा झाला बाबा, जानेवारीत बनियनवर बसतो. तू जा. आईला घेऊन जा. असं म्हणालो आणि टोपी घालून बाहेर पडलो.

अकरा मार्चला गुंथर न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना रेडिओवर बातमी आली. गुंथरचा वस्तरा थांबला. बेकरीवाल्यांनी झेंडा अर्ध्यावर आणला. पाद्रीबाबांनी रविवारी क्षमेवर प्रवचन दिलं आणि मधेच त्यांनाच राग अनावर झाला. कोणी म्हणे दलालानं फितवला, कोणी म्हणे पैशानं. (पैसे दोन्हीकडे सारखेच होते, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नाही.) संशय येऊ नये म्हणून मी सगळ्यात मोठ्यानं शिव्या दिल्या. त्याची मला फार लाज वाटते. इथवर निभावलं असतं, पण त्या भल्या पोरानं निरोपाच्या मुलाखतीत सगळ्या देशासमोर सांगितलं की एक मालक माझ्या घरी आला, त्यानं माझं बर्फाचं यंत्र चालू केलं, मला घरचं जेवू घातलं आणि आईला घेऊन जा म्हणाला, असं या धंद्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. झालं! गावात त्या मालकाचा शोध सुरू झालाय. गुंथरनं आरशाला यादी लावलीय, ज्याला यंत्र दुरुस्त करता येतं अशांची. माझं नाव सातवं आहे. चर्चमधल्या बायका एकमेकींच्या भांड्यांकडे बघतायत. आर्डिसला तर टीव्ही बघताक्षणीच कळलं. तिनं हातातलं फडकं मला फेकून मारलं. तो गेला म्हणून नाही. का ते खाली लिहितो.

तूर्त एवढंच. वहिनीला नमस्कार, संत्र्याच्या झाडाला पाणी.

तुझा धाकटा भाऊ,
लॅंबर्ट

ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहिलंय. कॅसेरोलचं भांडं मी त्याच्याकडेच विसरलो, फडकं बसलं ते त्यासाठी. चर्चच्या जेवणात भांडी बदलू नयेत म्हणून बायका बुडाला कागदी पट्टी चिकटवतात, तशी त्यालाही आहे, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘आर्डिस कोस्टेकी, केलरव्हिल, परत करावे’. त्याच मुलाखतीत तो म्हणाला की ते भांडं मी ॲरिझोनाला घेऊन चाललोय, रोज त्यातच जेवण गरम करतो. आज ना उद्या कोणीतरी फोटोवाला ते उलटं करून बघणार. तेव्हा दादा, हे पत्र मिळाल्याबरोबर त्याच्या घरी जा, मी लॅंबर्टचा भाऊ म्हणून सांग आणि भांडं सोडवून आण. जाताना संत्री ने. त्याच्या आईला विचार, श्वास कसा आहे.

ता. क. २. त्याचा तो प्रश्न मला दोन महिने झोंबतोय. गुंथरला विचारलं, कागद घेतलास कशाला? म्हणाला, सगळ्यांनी घेतला म्हणून. पाद्रीबाबा म्हणाले, विचार करून सांगतो. शेवटी आर्डिसला विचारलं. ती भांडी घासत होती, वळलीही नाही. म्हणाली, "विकता आला असता तर एमेटचा कागद तू त्याच वर्षी रागात विकून मोकळा झाला असतास. आता बघ, अजून भिंतीवर आहे." हे त्या पोराला सांग. मला तेव्हा सुचलं नव्हतं.

ता. क. ३. भांडं पोस्टानं पाठवू नकोस. काचेचं आहे, फुटेल. आणि तू विसरला नसशील तर आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. स्वतः घेऊन ये. सप्टेंबरात पहिला सामना स्कॉर्पियन्सशी इथंच आहे, तोही येईल. एकतिसाव्या रांगेतल्या दोन्ही जागांचे पैसे मी एकोणीस वर्षं भरतोय. लोक विचारतात, शेजारी कोण? मी म्हणतो, कोट. कोट आता जुना झालाय दादा.

ता. क. ४. टोपी मात्र तिकडेच ठेवून ये.