घसा बसलाय

आई,

काल डॉक्टरकडे माझी लेक माझ्या वतीनं बोलली, आणि तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचंय. तुला जाऊन बारा वर्षं झाली. आता सांगून काय उपयोग, असं तू म्हणशील. उपयोग होता त्या दिवशी मी गप्प बसले होते, तेव्हा उपयोगाचं राहू दे.

तुझंच दुखणं माझ्याकडे आलं. गर्भाशयाचं अस्तर भलतीकडेच वाढतं आणि दर पाळीला आतून पिळवटून काढतं, ते. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये तू गॅस बारीक करून ओट्यापाशी फरशीवरच आडवी व्हायचीस. पोटाशी गरम पाण्याची पिशवी, आणि तिथूनच मला हाक, "तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद कर गं." माझं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वी झालं. आता महिन्याला एक इंजेक्शन असतं. त्यानं पाळी थांबते आणि बाकीचं सगळं सुरू होतं. भर जानेवारीत अख्खं गुडगाव हीटरला चिकटून बसलेलं असताना मी पंखा लावते. गुडघे दुखतात. राग तर आधीपासूनच नाकावर होता, आता तो तिथे मुक्कामालाच आलाय. परवा नवरा नुसतं "डाळ अळणी झालीये" म्हणाला, तर मी ताटली आपटली.

तुला ऑपरेशननंतर कॅप्सूल दिल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. तुझं वजन वाढलं, चेहऱ्यावर मुरमं आली, हनुवटीवर केस आले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आवाज जाड व्हायला लागला. तुझा आवाज म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ठाण्याहून इथे दिल्लीत येऊन आपल्याला जेमतेम वर्ष झालं होतं, तरी नोएडापासून गुडगावपर्यंत कुठल्याही मराठी घरी नव्या नवरीची मंगळागौर असली की पहिला फोन तुला यायचा. फुगड्या, झिम्मा बाकीच्या बायका घालायच्या, गाणी तू उचलायचीस. एकदा माझ्या मैत्रिणीचा फोन तू घेतलास आणि ती तुला "नमस्ते अंकल" म्हणाली. तू हसून फोन माझ्याकडे दिलास. मीही हसले, पण तिच्या बाजूनं.

तपासणीला जायच्या आदल्या दिवशी तू कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे यादी केलीस. वजन, मुरमं, केस, आवाज. आवाजाखाली दोन रेघा. तुझं हिंदी भाजीवाल्यापुरतं, आणि असल्या गोष्टी तर तू मराठीतही कुजबुजत बोलायचीस. बायकांच्या ओपीडीत पुरुषांना सोडत नसत, म्हणून बाबा बाहेर बाकावर आणि आत तुझी दुभाषी मी, पंधरा वर्षांची. ब्लूलाइन बसमध्ये तू मला तीनदा बजावलंस, "बाकीचं राहिलं तरी चालेल, पण आवाजाचं नक्की सांग हं बाळा."

आत मोठ्या डॉक्टरबाईंच्या मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर उभे आहेत. सगळे मुलगेच. एक जण माझ्याकडे बघून ओळखीचं हसतो. मी शाळेच्या स्वेटरच्या बाह्या ओढून हाताचे पंजे आत घेतलेत. डॉक्टरबाई पर्चीवरून नजर न उचलता विचारतात, "हाँ बेटा, मम्मी को कोई तकलीफ़? बाल, आवाज़, कुछ फ़र्क़?" माझे कान तापतात. आईला दाढी येतेय आणि तिचा आवाज पुरुषासारखा झालाय, हे या मुलांसमोर मी कोणत्या तोंडानं सांगू? "थोड़ा वज़न बढ़ा है," मी म्हणते. "बाकी सब ठीक है." त्या लिहितात, औषध चालू ठेवा.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग यादीची घडी घातलीस आणि पर्समध्ये ठेवून दिलीस. बाहेर बाबांनी विचारलं, "आवाजाचं काय म्हणाल्या?" तुझ्याआधी मीच बोलले, "होतं म्हणे असं. जाईल."

कॅप्सूल संपल्या. मुरमं गेली, वजनही बरंच उतरलं. आवाज काही परत आला नाही. पुढच्या श्रावणात बायकांनी तुला पुढे ढकललं, तर तू म्हणालीस, "घसा बसलाय हो," आणि टाळ्या वाजवत मागे बसलीस. तो घसा सोळा वर्षं बसलेलाच राहिला. स्वयंपाकघरातसुद्धा तू गुणगुणायची थांबलीस आणि रेडिओ लावायला लागलीस. मी मनाशी म्हणायचे, कॅप्सूलमुळे व्हायचं ते झालंच असतं, माझ्या सांगण्यानं काय फरक पडणार होता.

काल डॉक्टरनं विचारलं, आईलाही होतं का? मी कॅप्सूलचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. ती म्हणाली, "किसी ने बताया नहीं? हम तो उसी दिन दवा बंद कर देते." मी विचारलं, मग परत आला असता? ती म्हणाली, "शायद. कह नहीं सकते." मग माझ्या तब्येतीची चौकशी सुरू झाली. मी "सब ठीक" म्हणणार इतक्यात शेजारी बसलेली माझी लेक म्हणाली, "कुछ ठीक नहीं है, मॅम. मम्मा को हर टाइम गरमी लगती है, घुटने दुखते हैं, और कल पापा के सामने प्लेट पटकी." टेबलाशी एक तरुण शिकाऊ डॉक्टर टाइप करत होता, त्याच्यासमोर. तीही पंधराचीच आहे, आई. पंधराव्या वर्षी काय कळतं, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली होती.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ती आधी कशी आली नाही, की मीच येऊ दिली नाही, कोण जाणे. "आवाज़", "सब ठीक है": यातलं तुला काय कळलं नसेल? तुला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. तू स्वतः तोंड उघडलं असतंस तरी डॉक्टरबाईंना ऐकू आलं असतं. पण त्या मुलांसमोर मी खोटी पडले असते, म्हणून तू गप्प राहिलीस. आणि नंतर सोळा वर्षांत एकदाही, भांडणातसुद्धा, मला ते ऐकवलं नाहीस.

हे पत्र माझ्या फाइलमध्ये रिपोर्टांच्या मागे ठेवणार आहे. लेकीला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा काळजी नाही. एकच सांगायचं राहिलंय. काल संध्याकाळपासून मी तुझं मंगळागौरीचं गाणं आठवायचा प्रयत्न करतेय. शब्द आठवतात, चाल आठवते, तुझ्या टाळ्या आठवतात. तुझा आधीचा आवाज मला आठवत नाही.